दोन पाट्यांच्या दवाखान्यातली खुर्ची

मित्रांनो, मी दातांच्या दवाखान्यातली एक जुनी खुर्ची आहे. माझ्यात बसून सहसा कुणी हसत नाही, तरी माझी कहाणी ऐकायला तुम्ही थांबलात याचं मला अप्रूप वाटतं.

कारखान्यात माझे लोखंडी पाय ओतले गेले, पाठीला हिरवं रेक्झिन चढलं आणि मी बंदराजवळच्या या दवाखान्यात आले. दाराशी दोन पाट्या होत्या. एक दंतवैद्याची, दुसरी मानद वाणिज्यदूताची. दूरच्या एका छोट्या देशाचं माणूस इथं अडलं, तर त्याला मदत करायची, हे डॉक्टरांचं दुसरं, बिनपगारी काम. बसायला धड दुसरी जागा नव्हती. पासपोर्ट हरवलेले खलाशी माझ्यातच बसत आणि डॉक्टर समोर आले की सवयीनं आ वासत.

"तोंड मिटा, आधी नाव सांगा," डॉक्टर म्हणत. मग स्वतःच वाकून बघत. "बरं, उघडलंच आहे तर राहू द्या."

ज्याच्या त्याच्या दातांची आकृती ते कार्डावर काढून ठेवत.

"बाबा, हे लोक परत थोडेच येणार आहेत?" कार्डं लावता लावता त्यांची मुलगी कुरकुरायची.

डॉक्टरांच्या पंचाहत्तरीला दुसरी पाटी उतरली. शिक्का परत गेला. ते काम एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे गेलं. रुग्णही कमी झाले आणि माझ्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे साठले. खरं सांगते, फार लागलं मनाला.

एका सकाळी त्या छोट्या देशातली एक बाई जिना चढून आली. तिचा खलाशी भाऊ बंदरात बुडाला होता. प्रेत उशिरा सापडलं, चेहरा ओळखू येईना, खिशात कागद नव्हता. नव्या वाणिज्यदूतांनी हात वर केले होते. ओळख पटली नाही तर शनिवारी बेवारस म्हणून पुरणार होते.

"माझी सही आता चालत नाही हो, ताई," डॉक्टर म्हणाले.

"भावानंच पत्रात लिहिलं होतं, इथल्या साहेबांनी पासपोर्ट दिला, वर दाढही भरून दिली. म्हणून आले."

डॉक्टर गर्रकन वळले. "पोरी, कार्डं काढ!"

तीन खण उपसल्यावर कार्ड मिळालं. वरची डावी दाढ भरलेली, खालचा एक दात तिरपा.

"ही सही चालेल," कोट चढवत डॉक्टर म्हणाले. "दंतवैद्य आहे मी अजून."

ते शवागाराकडे गेले. बाईनं विचारलं, "इथंच बसला होता तो?" मुलीनं माझ्यावरचे गठ्ठे उचलले. बाई दुपारपर्यंत माझे हात धरून बसून राहिली.

डॉक्टर परतले ते दारातच थांबले. "तोच आहे. कागद झाला. तुमच्याबरोबर येईल, स्वतःच्या नावानं."

बाईनं मान हलवली. माझे हात मात्र तिनं बराच वेळ सोडले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टर गेले. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी निवृत्त माणूस असेल, तर त्याला काय काय येतं, ते वेळेवर विचारून घ्या. मुलगी मला पुसताना अजून बाबांना विचारायचा राहिलेला एकेक प्रश्न विचारत असते.