शून्य नोंदीचा मल्लिनाथ

अणुवीज केंद्र बंद होऊन सहा वर्षं झाली आणि आता त्याचा इतिहास छापायचा म्हणून साहेबलोकांच्या अंगात आलं होतं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, पानापानावर फुशारकी. शिरूर अनंतपाळच्या घरी ओसरीवर बसून ईश्वरप्पा त्याची कच्ची पानं चाळत होते आणि त्यांना शिसारी येत होती. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या विभागात त्यांनी उभी हयात घालवली, म्हणून कामगारांच्या सुरक्षेचं प्रकरण त्यांच्याकडे तपासायला आलं होतं. तपासायचं म्हणजे काय, तर संध्याकाळपर्यंत फोनवर 'ठीक' कळवायचं.

ज्या उन्हाळ्यात तळघरात घोटाभर किरणोत्सर्गी पाणी गळून साचलं आणि ते पुसायला उमरी-शिरूरकडची कंत्राटी माणसं टेम्पो भरभरून नेली, त्या उन्हाळ्याला पुस्तकात नाव होतं 'किरकोळ देखभाल'. पुसणाऱ्यांपैकी फोटो एकाचाच, सोळाव्या पानावर, मल्लिनाथचा. खाली छापलं होतं, 'सतरा वर्षं सेवा, किरणोत्सर्गाची नोंद शून्य. आमच्या सुरक्षेचा जिवंत पुरावा.' जिवंत म्हणे! माणूस दोन वर्षांपूर्वी रक्ताच्या कॅन्सरनं गेला. लिंगायत रीतीनं पुरण्याआधी मांडी घालून बसवलेल्या त्या देहावर बेलपत्र वाहायला ईश्वरप्पा स्वतः होते.

शून्याची गोम त्यांना ठाऊक होती. अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा बिल्ला छातीवर लावूनच आत जायचा नियम होता. पण दर तीन महिन्यांनी बिल्ले गोळा करून पुन्हा वाटायचे, या खेपेला याच्या छातीवर, पुढच्या खेपेला त्याच्या. मल्लिनाथ पडला कडक लिंगवंत. परक्याच्या घामाचा बिल्ला गळ्यातल्या इष्टलिंगाला शिवू नये म्हणून तो बिल्ला बाहेर खुंटीला अडकवून आत जायचा. खुंटीला कसली किरणं लागणार? ईश्वरप्पांनी पहिल्याच महिन्यात हे पाहिलं, गालात हसले आणि आपल्यातलाच माणूस म्हणून गप्प बसले. पुढं साहेबांना त्या शून्याची चटक लागली. विभागाला दोनदा सुरक्षेच्या बक्षिसाची ढाल मिळाली, आणि ती घ्यायला मंचावर ईश्वरप्पाच गेले होते.

दुपारी मल्लिनाथची बायको उमादेवी आली. पुस्तकाच्या प्रकाशनाला लातुरात तिचा सत्कार ठरला होता.

"अण्णा, ह्यांच्याबद्दल काय छापलंय, तेवढं वाचून दावा की. लेकीला फोनवर सांगायचं हाय."

ईश्वरप्पांनी वाचलं. 'शून्य' हा शब्द तेवढा भरभर उरकला.

उमादेवीनं पदर डोळ्यांना लावला. "हेच सांगत व्हते ओ ते. आजाराच्या सुरुवातीलाच डॉक्टरनं इचारलं, कामावर किरणं लागली का, तिथला कागद दाखवा. ह्यांनी लई ऐटीत कागद काढला. आमच्या ईश्वरप्पा अण्णाची सही हाय म्हणले. मग डॉक्टरनं तो विषयच सोडला. चार महिने ताकदीच्या गोळ्या खाऊन राहिले."

हे ईश्वरप्पांना ठाऊक नव्हतं. सकाळपासून साहेबांना शिव्या घालत होते, आणि आता स्वतःच्याच हाताची किळस वाटायला लागली. त्याच हातानं सतरा वर्षं शून्यापुढं सही केली होती. त्यांनी फोन उचलला, 'सोळावं पान खोटं आहे. कसं ते मी लिहून देतो' एवढं टाईप करून पाठवलं आणि फोन पालथा ठेवला.

"वहिनी, ते शून्य खरं न्हाई," ते म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगितलं, खुंटीपासून ढालीपर्यंत. स्वतःला वाचवणारा एकही शब्द त्यात घातला नाही. घालण्यासारखा नव्हताच.

उमादेवी रडली नाही. तिनं गळ्यातल्या लिंगाच्या डबीवर हात ठेवला.

"तुमच्या बी गळ्यात लिंग हाय न्हवं, अण्णा?"

"हाय."

"मग तुमचा बिल्ला? तो कुठं लावत व्हता?"

"छातीवर."

"लिंगाला लागून?"

"हाव."

"रोज?"

ईश्वरप्पांनी मान हलवली. तिच्याकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.

"येवढंच सांगायचं व्हतं ओ ह्यांना," उमादेवी म्हणाली. "तुमचं ऐकलं असतं त्यांनी."