वहीतला डावा पाय

२०१३ सालची गोष्ट. आमच्या नातीला, चिमणीला, रुग्णालयात नर्सची नोकरी लागली होती. दिवसभर उभ्याचं काम, आणि बुटांचे तळ झिजलेले. जन्मभर तिचे बूट ह्यांनीच शिवले. पण वर्षभर ह्यांचे हात थरथरत होते. सुईत दोरा जाईना.

चिमणीने इंटरनेटवर परदेशातला एक बूटवाला शोधला. दोन्ही पायांची मापं वेगवेगळी कळवायची, तीही संध्याकाळी उभं राहून घेतलेली.

"संध्याकाळी पाय फुगतात, एवढं तरी कळतंय त्याला," हे म्हणाले. "पण माल पुठ्ठ्याचा निघेल, बघशील."

"तुमच्या वहीत माझं माप असेलच ना?"

वही द्यायला ह्यांनी जरा वेळच लावला. का, ते मला ठाऊक होतं. पान उघडून चिमणी थबकली.

"आजोबा, माझे पाय लहानमोठे आहेत?"

"सात मिलिमीटर! त्याला काय लहानमोठं म्हणायचं?"

बावीस वर्षं त्यांनी तिला कळू दिलं नव्हतं. जोड बाहेरून सारखा दिसायचा. आतून ज्या त्या पायाच्या मापाचा. वहीतले आकडे तिने जसेच्या तसे पाठवले.

महिन्याने खोकं आलं. ह्यांनी चष्मा लावला. बूट चवड्यापाशी वाकवला, अंगठ्याने चामडं दाबलं. बारीक सुरकुत्या उठल्या आणि विरल्या. आतला पातळ तळ उचलून टाके पाहिले, वास घेतला. परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तशा आम्ही दोघी बसलो होतो.

"हात चांगला आहे," हे हळूच म्हणाले.

"आणि पुठ्ठा?" मी विचारलं.

"तू गप्प बस."

चिमणीने बूट घातले. उजव्यात बोटं दुमडली, डाव्यातून टाच निसटू लागली. तिचा चेहरा उतरला. तो शुक्रवार होता आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं.

हे वहीकडे बघत राहिले. "त्याची चूक नाही, पोरी. मी गिऱ्हाइकाच्या समोर बसून माप घेतो. वहीतला डावा म्हणजे माझा डावा, तुझा उजवा." ती वही आजवर दुसऱ्या कुणी वाचलीच नव्हती.

मला वाटलं, आता ही रडते. पण तिने खाली बसून त्यांचे हात हातात घेतले. "मग जुनेच नीट करू. तुम्ही सांगा, आजी शिवेल."

"आजी? तिला बटण धड लावता येत नाही!"

दोन दिवस हे बोटाने जागा दाखवत होते, मी टाके घालत होते, बोटांना टोचून घेत होते. सोमवारी ती निघाली, तेव्हा हे वळणापर्यंत तिच्या पावलांकडे बघत उभे राहिले. "लंगडत नाहीये," म्हणाले, आणि मग कुठे चहा घेतला.

बूटवाल्याला ह्यांनी चूक कबूल करणारं पत्र लिहवून घेतलं. त्याचं उत्तर आलं, "माझे वडीलही असंच लिहायचे. मीच विचारायला हवं होतं." मागून नवा जोड आला, अगदी पायात बसणारा.

हे चार वर्षांनी गेले. बूटवाला म्हातारा झालाय, आता त्याची मुलगी दुकान बघते. चिमणी मुख्य नर्स आहे, बूट अजून तिथूनच मागवते. वही तिच्याकडे असते. माझे वाकडे टाके घातलेले बूटही तिने टाकलेले नाहीत, मी विषय काढला की म्हणते, "आजी, ते राहू देत."