नाव सगळ्यात शेवटी

"आधी रंग सांगायचा, मथुराबाई. मग हात फिरवून बघायचं. मग विचारायचं, खाजतं का, ठणकतं का. आणि नाव? नाव सगळ्यात शेवटी."

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं हे मथुराबाईंच्या कानात पक्कं बसलं होतं. सोलापुरातल्या बायकांच्या दवाखान्यात येणारी जी ती पदर सावरत एवढंच म्हणे, "अंगावर उठलंय." पडद्याआड जाऊन काय उठलंय ते बघायचं आणि बाहेर येऊन सांगायचं, हे मथुराबाईंचं काम. सुरुवातीला त्या आल्या आल्या "खरूज!" म्हणून मोकळ्या व्हायच्या. मग हळूहळू नजर बसली. सपाट तो डाग, बोटाला लागते ती पुटकुळी, पाणी धरलं की फोड, पू धरला की पुळी; आणि भराभर उठून घटकेत विरतात त्या गांधी. सपाट डागाला डॉक्टरीणबाई इंग्रजीत मॅक्यूल म्हणत. मथुराबाईंना ते कुणा साहेबाचं आडनाव वाटे. एखादीच्या पाठीवर डाग दिसला की त्या हळूच सांगत, "मॅक्यूलसाहेब आलेत."

बोलणं मुळातच हळू. त्यातून त्या व्रतं पाळणाऱ्या. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घोट नाही, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत मौन. चाळीतल्या बायका म्हणत, "मावशींचं मौन आन् बोलणं, दोन्ही सारखंच की!"

दिवाळी झाली आणि शेजारच्या चिमाबाईच्या वच्छलाचा साखरपुडा ठरला. मुलगा मंगळवेढ्याचा, धोंडीराम. घरची ज्वारीची जमीन, माणसं मोकळी. वच्छलाला तो मनापासून आवडला होता. मुलाची आई बजाबाई चार बायका घेऊन आली. पायात हे जाड रुप्याचे तोडे, चालली की खोलीभर वाजत. कुंकू झालं, ओटी भरली, आणि होणाऱ्या सुनेला वेणी माळायला बजाबाईनं तिचा अंबाडा वर उचलला.

उचलला तो तसाच धरून ठेवला. दुसऱ्या हातातली वेणी हातातच राहिली.

वच्छलाच्या मानेवर आणि पाठीच्या वरच्या अंगाला फिके चट्टे होते.

"अगं बया, कोड!" ओरडली कोण, तर वच्छलाचीच आत्या तानाबाई. बोलून गेल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला, पण गेलेलं परत कुठलं यायला! मंगळवेढ्याच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. वच्छलाची मान खाली, आणि टपटप पाणी मांडीवरच्या खणावर.

मथुराबाई उठल्या. "विहीणबाई, मी बघू का जरा?"

बजाबाई बाजूला सरकली.

"रंग फिकट," मथुराबाई आपल्याशीच बोलावं तसं बोलू लागल्या. "दुधासारखा पांढरा नाही. राख पडल्यासारखा. कडा एकात एक मिसळलेल्या." मग बोट फिरवलं. "खरबरीत लागतंय. वच्छे, घाम आला की चुणचुणतं?"

"व्हय मावशी. चुलीपुढं बसलं की लई."

"कधीपास्नं?"

"श्रावणापास्नं."

मथुराबाईंनी नखानं हलकंच खरवडलं. नखावर कोंड्यासारखा बारीक भुसा आला. त्यांनी तो बजाबाईपुढं धरला. "तुम्हीच खरवडून बघा, विहीणबाई. कोडातनं भुसा निघत नाही. हे शिबं आहे. घामाचं, ओलाव्याचं. आणि कोड असतं तरी त्यात भ्यायचं काय? ते कुणाला लागत नाही की खात नाही."

"पर वलावा आला कुठनं?" बजाबाईनं विचारलं.

आता वच्छलानं मान वर केली. "आत्यानं सांगितलं व्हतं, मनाजोगता नवरा पायजे तर सोमवार वलेत्यानं कर. मी रोजच केलं. वले केस पाठीवर, वलं लुगडं अंगावर, पूजा, पोथी, समदं व्हईपर्यंत."

"कशाला रोज?" तानाबाई कळवळली.

"लवकर मिळावा म्हून!"

एक बाई फस्सकन हसली, तिच्यामागं दुसरी. बजाबाई मात्र हसली नाही. वेणी तशीच हातात. "मला या बाईंशी जरा आत बोलायचंय," म्हणाली आणि तोडे वाजवत स्वयंपाकघरात गेली. बाहेर चिमाबाईनं देवाकडं बघून हात जोडले.

आत गेल्यावर बजाबाईनं दाराला पाठ लावली. "खरं सांगा. पोर बरी व्हईल?"

"गंधकाचं मलम लावलं, अंग कोरडं ठेवलं की भुसा लवकर जाईल. रंग सावकाश परतेल. लग्नात थोडं फिकं दिसेल, खोटं कशाला सांगू?"

बजाबाईनं मान डोलावली. मग खाली वाकून तिनं एका पायाचा तोडा वर सरकवला. "मग हे बघा. कुनाला दावलं न्हाय. मालकांला सुदिक."

मथुराबाई खाली बसल्या. "रंग काळपट. कातडी जाड. तोड्याच्या कडेकडेनं." चुलीपाशी पडलेल्या काडीचं टोक त्यांनी हलकंच टोचलं. "कळतं?"

"आयाई! कळतंय की!"

"खाजतं?"

"झोपू देत न्हाय. मला वाटलं, म्हारोगच. झाकायला म्हून तोडे आनखी जाड करून घेतले."

मथुराबाईंना हसू आवरेना. "आणि जितके जाड केलेत, तितकं वाढत गेलं असेल."

"आता काय म्हनायचं याला?"

नाव अगदी ओठावर आलं होतं. मथुराबाईंनी ते गिळलं. "ते डॉक्टरीणबाई सांगतील. तुमच्या मनातलं मात्र नाही; त्यात टोचलेलं कळत नाही, तुम्हाला काडी टोचली ती कळली. शुक्रवारी लुगडी घ्यायला म्हणून या. मी मोटारीच्या अड्ड्यावर उभी राहीन, दवाखान्यात नेईन, शेजारी बसेन. कुणाला कळणार नाही."

"कुनी इचारलं तर?"

"शुक्रवारी माझं दुपारपर्यंत मौन असतं."

आता बजाबाई हसली, तोडे वाजले इतकी. त्याच हसऱ्या तोंडानं बाहेर आली आणि वच्छलाच्या अंबाड्यात वेणी घट्ट खोवली. "आमच्या धोंडीरामासाठी वल्या कपड्यात बसली पोर. हिला सोडून जाऊ व्हय? चिमाबाई, साखर वाटा. आन् हिला आता कोरडं लुगडं नेसवा बाई!"

शुक्रवारी मथुराबाईंनी तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला, पिशवीत तोड्याखाली गुंडाळायला मऊ जुन्या धोतराचा एक धुतलेला तुकडा घातला आणि पदर खोचला.

"सासूबाई, दवाखाना तर दुपारी उघडतो," सून म्हणाली. "इतक्या लवकर कुठं निघालात?"

मथुराबाईंनी ओठावर बोट ठेवलं, डोळ्यांनीच हसल्या आणि मोटारीच्या अड्ड्याकडं चालू लागल्या.