पायवाटेवरचा प्राणी

दर दहा वर्षांनी अभयारण्याची तपासणी व्हायची आणि दर वेळी साहेब लोक गावाला एकच प्रश्न विचारायचे : "तुम्ही समाधानी आहात का?" उत्तराला रकानाही एकच होता. 'हो'.

मधवाल्या मावशीला त्या रकान्याशी काही देणंघेणं नव्हतं. मागच्या तपासणीत जंगलातली पायवाट बंद झाली आणि पलीकडच्या वस्तीत दिलेली लेक अर्ध्या तासावरून चार तासांवर गेली. आता लेकीचे दिवस भरत आले होते.

"वाट उघडा," मावशी म्हणाली.

मोठ्या साहेबांनी लॅपटॉपमधून डोकं काढलं नाही. "झाडांना कॅमेरे लावलेत, मावशी. वर्षभरात त्या वाटेवर एकही माणूस दिसला नाही. म्हणजे गरज नाही."

"अहो, कुंपण तुम्हीच घातलंय ना!"

"ते दुसऱ्या विभागानं."

मावशीनं त्यांच्याकडे रिकाम्या पोळ्याकडे पाहावं तसं पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं मध काढायचा पांढरा झगा चढवला, तोंडावर जाळी ओढली, धुराचा डबा घेतला आणि कुंपणाखालून आत सरपटली. कॅमेऱ्यासमोर उभं राहून धूर सोडला, ठेवणीतल्या चार शिव्या हासडल्या. असं आठवडाभर. आता दिसतो का माणूस, बघू!

अहवाल साहेबांनी उभं राहून वाचला. "अज्ञात प्राणी! दोन पायांवर चालतो, चेहरा नाही, धूर सोडतो. बहुधा जगातला शेवटचा."

"मेल्या, ती मी आहे!"

"मावशी, तीन तज्ज्ञांच्या सह्या आहेत."

"हा बघ माझा डबा!"

"तुमचं मत नोंदवून घेतलं," साहेब म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

प्राण्याला अडथळा नको म्हणून कुंपण काढलं. माणसांना बंदी कायम; प्राण्याला अडवलं तर तुरुंग.

चौथ्या दिवशी जावयाचा फोन आला, कळा सुरू झाल्या. मावशीनं झगा चढवला. वाटेच्या तोंडाशी राखणदार उभा होता. त्यानं तिच्या चपला ओळखल्या, पण नियम वाचलेला होता. अदबीनं बाजूला सरकून तो झाडाकडे तोंड करून उभा राहिला.

पंचविसाव्या मिनिटाला जावयानं दार उघडलं आणि किंचाळला.

"ओरडू नका, पाणी तापवा," जाळीमागून सासूबाई म्हणाल्या. "आणि जरा लांबून. मला हात लावलात तर सहा महिने आत जाल."