या हं परत

मारिटला मराठी मी शिकवली, तवा त्याचं पाप-पुण्य माझ्याच पदरात. पोरगी नॉर्वेची. एका संस्थेनं वर्षभरासाठी खुलताबादेत पाठवलेली, मुलींच्या शाळेत शिकवायला, ते बी फुकट. ऱ्हायला आमच्या घरी, माडीवर. खाली आम्ही दोघी जावा, मी गोजरबाई अन् थोरली सत्यभामा. दोघींचे नवरे कवाच गेलेले, अन् भांडायला आता एकमेकीच उरलेल्या.

पोरीला सगळ्याचंच नवल. लोक भेटले की आधी जेवलीस का, असंच का विचारतात? अन् जेवले म्हणलं तरी ताट का वाढतात? पहिल्या दिवशी शाळेत निघताना उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, मी जाते. मी अशी खेकसले की बिचारी दचकली. म्हणलं, बाई गं, जाते म्हणून कुणी घर सोडत नसतं, ते कायमचं जाणं असतं. निघताना 'येते' म्हणायचं, अन् घरातल्यानं 'या हं परत' म्हणून निरोप द्यायचा. तिला ते लई आवडलं. दारात पोस्टमन आला तरी जाताना त्याला हात जोडून 'या हं परत'.

थोरलीचा स्वभाव म्हणजे कारल्याचा वेल. उभ्या जन्मात माझ्याशी गोड बोलली नाय. पण या पोरीवर तिचा जीव जडला. दिवस कलला की पिशवी घेऊन जिन्याखाली उभी ऱ्हायची अन् हाक मारायची, येतीस का गं? वरून पोरगी म्हणायची, येते! मग दोघी वेशीबाहेर भाजीला. मी इथं तांदूळ निवडत बसायची. जळायची मी, खोटं कशाला बोलू.

मग थोरली गेली. झोपेतच, कुणाला तरास न देता. तिला बाहेर काढली, बायांनी हंबरडा फोडला, अन् त्या गलक्यात मारिट उंबऱ्यापाशी आली. तिनं हात जोडले अन् मी शिकवलेलं अक्षर न् अक्षर नीट म्हणाली, "या हं परत."

रडणं एकदम बंद पडलं. खांदेकरी जागीच थांबले. मग पुढचा माणूस खाकरला अन् तिरडी हलली. पोरीला कुणी काय बोललं नाय. परदेशी लेकरू, त्याला काय ठावं.

तेरावा झाला अन् दोनेक दिवसांनी दिवस कलता कलता मारिट चपला घालून खाली आली. कुठं निघालीस, म्हणलं. तर म्हणते, भाजीला, तुम्हीच हाक मारली ना काकू? मी तर तोंडातून शब्द काढला नव्हता. ती हसली, सवय म्हणाली, अन् गेली. परत आली ती रिकाम्या हातानं. किती लांब गेलतीस म्हणलं, तर म्हणाली, "वळणापर्यंत गेलो."

मी चूक सुधारली. 'गेलो' गडी म्हणतो, नायतर दोघी मिळून गेल्या तर. तू एकटी, 'गेले' म्हण. तिनं जरा विचार केला.

"नाही काकू," ती म्हणाली. "गेलो. बरोबर आहे."

वेशीबाहेरच्या त्या वळणावर दोन वाटा फुटतात. एक बाजाराला जाती, दुसरी स्मशानात.

शेजारची यास्मिन आली, दार लावून घेतलं अन् हळू आवाजात म्हणाली, "मावशी, लडकी अकेली जाती, पन चलती ऐसे, जैसे बाजू में कोई बुढ्ढी है." मी पोरीला घरात अडवून पाहिलं, ओरडून पाहिलं. पण माझा डोळा चुकला की ती गेलेली असायची. रोज थोडं पुढं. जेवण तुटलं, हात बर्फागत गार. एका सांजेला सहज म्हणाली, आज पत्र्याच्या शेडपर्यंत गेलो, उद्या आत जाऊ म्हणतात. कोण म्हणतं गं, मी विचारलं, तवर ती जिना चढून गेलती.

ते शेड स्मशानातलं, सरणाचं; आत गेली असती तर पोरगी माघारी आली नसती. मला कुणी सांगायची गरज नव्हती. संस्थेला फोन लावला, म्हणलं पोरगी आजारी हाय, शहरात न्या, आजच. दुपारनंतर जीप आली.

मारिट उंबऱ्यात उभी राहिली, अन् जिन्याखालून हाक आली. या वेळी मी बी ऐकली. थोरलीचाच खरखरीत गळा. "येतीस का गं?"

पोरीनं निरोपाचं 'येते' म्हणायला तोंड उघडलं होतं. मी धावत जाऊन तिच्या तोंडावर हात दाबला.

"जाते म्हण," मी म्हणलं.

तिनं माझा हात काढला. "तुम्हीच सांगितलं, जाते म्हणायचं नाही."

"आज म्हण. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला."

तिचे डोळे भरले. तिला वाटलं मी तिला हाकलतीय. "जाते," ती म्हणाली. अन् मी, जिनं पोटच्या लेकीगत तिला खाऊ घातलं, ती मी म्हणलं, जा, परत येऊ नको. जीप वळली. पोरीनं मागं पाहिलं नाय, बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सांजेला मी सैपाकघरात होते. जिन्याखालून हाक आली. मी भाकरी थापत ऱ्हायले. माडी मोकळी हाय, थोरलीला कळंल, थकंल अन् जाईल आपल्या वाटेनं, असं मनाशी म्हणत होते. परत हाक आली, अन् ती जिन्याकडून सैपाकघराच्या दारात आली.

"गोजर, येतीस का गं?"

उभ्या जन्मात तिनं मला कधी विचारलं नव्हतं. मला लई राग आला, लई रडू आलं, अन् तोंडावर हात न्यायच्या आधीच निघून गेलं, "येते, बाई."