चांगुणाबाईची जवारी

"खरं बोललात तर गाडी गेली, एवढं ध्यानात ठेवा," धम्मदीप वकील हळू आवाजात सूर्यभानला म्हणाले.

परभणीच्या जिल्हा कचेरीच्या व्हरांड्यात तिघं उभे होते. वकील, सूर्यभान आणि त्याची वालूरची शेजारीण चांगुणाबाई. म्हातारी साक्ष द्यायची म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. साक्ष म्हणजे काय, तर जे झालं ते सांगायचं, अशी तिची सरळ समजूत.

आणि झालं होतं तरी काय? गावातली लेकरं-सुना ऊसतोडीला गेली, की मागं राहिलेली म्हातारी माणसं घराघरातला रेशनचा तांदूळ गोळा करून त्यांच्या फडावर धाडतात. उपाशीपोटी कोयता चालत नाही बाबा. दरसाल तो तांदूळ सूर्यभानची पिकअपच घेऊन जायची. कोणतं पोतं कुणाचं ते कळावं म्हणून ज्या त्या घरच्या जुन्या लुगड्याच्या काठानं पोत्याचं तोंड बांधायचं. यंदा देवगाव फाट्यावर पुरवठा खात्याच्या पथकानं गाडी अडवली. पोती सरकारी छापाची, तांदूळ रेशनचा. झालं, काळाबाजार! वर गोदामात वजन करताना सगळी पोती एका ढिगात ओतली, आणि ते काठ कुठं झाडून टाकले देव जाणे. आता बोला! कुणाचा तांदूळ कोणता, हे सांगायला काही उरलंच नाही.

गाडी सरकारजमा करण्याचा हुकूम निघाला. धम्मदीप वकिलांनी त्याला कोर्टात आव्हान दिलं. मालकाचं म्हणणं न ऐकताच हुकूम काढलाय, पुन्हा ऐका, असं कोर्टानं सांगितलं. ती सुनावणी आज होती. तोवर पिकअप ठाण्याच्या आवारात गंज खात उभी, आणि सूर्यभान दुसऱ्याच्या गाडीवर रोजानं. त्या एका गाडीवर त्याचं घर चालायचं.

"पण साहेब, त्यो तांदूळ त्यांचाच हाय की! काकूच्या लेकाला, गोपीचंदला बोलवू फडावरून, बाकीच्यायला बी बोलवू."

"मुकादम सोडील त्यांना? आणि आले तरी पहिला प्रश्न हाच, की तुम्ही गावात नव्हतात, तर तुमच्या नावचं धान्य कुणी उचललं? सगळ्यांची कार्डं जातील." वकिलांनी चष्मा पुसला. "कायद्यात वाट एकच. पोत्यांत काय आहे हे गाडीवाल्याला माहीतच नव्हतं, असं ठरलं तर गाडी सुटते. पण ज्यानं माल भरला त्यानं तसं सांगायला पाहिजे. असं करा म्हणत नाही मी, बरं का. कायदा सांगतोय."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. सूर्यभान भिंतीला टेकला.

चांगुणाबाई पदर सावरत म्हणाली, "मंग म्या भरला की. अन् ह्याला सांगितलं, जवारी हाय म्हणून."

"काकू, कायबी बोलू नका!"

"कामून? पोती म्याच गोळा केली न्हवं? मला म्हातारीला काय फाशी देतेत व्हय? तुझी लेकरं ल्हान हायेत. तू गप ऱ्हा."

सूर्यभाननं नाही म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात शिपायानं त्याच्या नावाचा पुकारा केला.

आतले अधिकारी उगाच डाफरणारे नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, "पोत्यांत रेशनचा तांदूळ आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

ती पोती सूर्यभाननं स्वतःच्या पाठीवरून गाडीत टाकली होती. "न्हाई साहेब," तो म्हणाला.

"मग कुणी भरली?"

"म्या," चांगुणाबाई पुढं झाली. "जवारी हाय म्हणाले त्याला. त्यो बिचारा काय पोतं फाडून बघतो व्हय?"

अधिकाऱ्यांचा पेन थांबला. "आजी, हे लिहून घेतलं तर गुन्हा तुमच्यावर येईल. पोलीस येतील, तारखा पडतील. कळतंय ना?"

"येऊ द्या. च्या पाजीन."

कुणी हसलं नाही. कारकुनानं शाईचा पॅड पुढं सरकवला. अजून वेळ आहे, आत्ता बोलावं, असं सूर्यभानला वाटत होतं. त्याला स्वतःची शरम वाटत होती, आणि गाडी सुटणार म्हणून जीव हलकाही झाला होता. म्हातारीचा अंगठा उठला.

बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "आता एक सांभाळा. खटला संपेपर्यंत दोघांनी लांब राहा. संगनमत दिसलं, की गाडी परत आत."

"संगनमत म्हंजी काय वो?" चांगुणाबाईनं विचारलं.

"दोघांनी मिळून केलेलं काम."

"हां," ती म्हणाली. "आमचं तर समदंच मिळून असतंय."

त्या दिवशी ती एकटीच एसटीनं गावी परतली.

गाडी सुटली. मग पोलिसांची जीप गल्लीत आली आणि चांगुणाबाईच्या दारात थांबली. सूर्यभाननं आपलं दार लोटून घेतलं आणि फटीतून बघत राहिला. आधी तिचं रेशन कार्ड बंद झालं, मागून समन्स आलं. सूर्यभानच्या बायकोनं, राजेश्रीनं, भाकरी-कालवण झाकून नेलं, तर म्हातारीनं ते उंबऱ्यावरूनच परत धाडलं. "नगं बाई. कुणी बघंल," म्हणाली.

कोर्टाच्या पहिल्या तारखेला ती वालूरच्या थांब्यावर सेलूच्या गाडीची वाट पाहत उभी होती. उन्हाचा चटका लागत होता. थांब्यावर चार माणसं होती. सूर्यभाननं पिकअप तिच्यापुढं उभी केली आणि दार उघडलं. त्याला आता राहवत नव्हतं.

"काकू, बसा. मी सोडतो. अन् तितं साहेबाला सांगतो समदं."

चांगुणाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कोण म्हणायचं तुमी, पाव्हणं? म्या वळखलं न्हाई."

तिनं डोळ्यांवर हात धरला आणि ती रस्त्याकडं बघू लागली.

मागून एसटीनं हॉर्न दिला. पिकअप थांब्याच्या जागेवर आडवी होती. पुन्हा हॉर्न वाजला, तसं सूर्यभाननं दार ओढून घेतलं आणि गाडी पुढं काढली.