ड्रायव्हरच्या सीटखालचा बोल्ट

मित्रांनो, समुद्रापारच्या, उंच डोंगरावरच्या अस्मारा शहरातल्या एका चिंचोळ्या अंगणात छोटी इटालियन गाडी उभी असते. तिच्या ड्रायव्हरच्या सीटखाली वाकून पाहिलेत, तर एक काळे षटकोनी डोके दिसेल. तो मी. एक जुना बोल्ट.

इटलीतल्या कारखान्यात तापून आणि तेलात बुडून मला हा काळा रंग मिळाला. गाडी जहाजाने आली, घाट चढून वर पोचली आणि झेरसेनायची झाली. तो सिनेमागृहात यंत्रावर चित्रपट दाखवत असे. माणूस ताडमाड उंच. पाय मावावेत म्हणून त्याने सीट पार मागे सरकवली आणि पट्टीच्या शेवटच्या छिद्रात मला घट्ट आवळले. तो बसला की त्याचा भार माझ्यावर येई. उतार लागला की तो गाडी मोकळी सोडून देई आणि शेजारी बसलेली त्याची बायको लेतेब्रहान ओरडे, "अहो, देवाला तरी घाबरा!" त्याचे हसणे मला लोखंडातून ऐकू येई.

मग शहरात सैनिकांचे दिवस आले. एका सकाळी त्यांनी दारातच गाडी अडवली आणि झेरसेनायला खाली ओढून नेले. इंजिन चालूच होते. लेतेब्रहानने येऊन ते बंद केले, तेव्हा त्यांची मुलगी सिमरेत तिच्या पोटात होती.

सैनिकांशी चाललेली लढाई संपली. पुष्कळ लोक परतले. तो आला नाही, आणि त्याचे काय झाले हेही कुणी सांगितले नाही.

लेतेब्रहानने गाडीवर ताडपत्री टाकली. रोज संध्याकाळी ती कोळशाच्या शेगडीवर कॉफी करी आणि शेवटच्या फेरीचा, तिथे ज्याला आशीर्वादाचा म्हणतात तो कप गाडीच्या टपावर ठेवी. मित्रांनो, तेवढ्यात सीट करकरे. माझ्यावर भार येई. तो भार माझ्या ओळखीचा होता. मी कुणाला सांगणार? तळात पाणी मुरत होते, आणि मी गंजाने फुगून त्या छिद्रात रुतत चाललो होतो.

पोटातली ती सिमरेत मोठी होऊन शाळेत शिकवू लागली. आईचे गुडघे धरले होते. चढावरच्या मरियमच्या चर्चला जाणे तिला जमेनासे झाले होते. तिला तिथे नेता यावे म्हणून सिमरेतने गाडी दुरुस्त करायला घेतली.

"सगळं खोल," लेतेब्रहान म्हणाली, "पण त्या सीटला हात लावायचा नाही."

"आई, खालचा पत्रा कुजलाय. कुणी बसलं तर थेट रस्त्यावर!"

"सीट हलली तर तो बसणार कुठे?"

सिमरेत हळूच म्हणाली, "आई, मलाही ती करकर ऐकू येते. लहानपणापासून. मला भीती वाटायची गं."

लेतेब्रहान घरात निघून गेली. नको मात्र म्हणाली नाही.

सिमरेतने मला रॉकेल पाजले आणि पाना लावला. मी किंचाळतच निघालो. तिने मला व्हिनेगरमध्ये भिजवले, तारेच्या ब्रशने पांढरा होईपर्यंत घासले. मग शेगडीवर ठेवून ती वारा घालू लागली.

"अगं, लाल करशील त्याला!" दारातून आवाज आला. "मऊ पडेल. निळसर झाला की काढायचा. तुझे बाबा तसंच करायचे."

करायचे. इतक्या वर्षांत त्या घरात झेरसेनायबद्दल कुणी असे भूतकाळात बोलले नव्हते. लेतेब्रहानलाही ते कळले असावे. ती शेगडीजवळ बसली, चिमटा हातात घेतला. कॉफीचे दाणे भाजताना पाहते तशी माझा रंग पाहत राहिली. पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. मग तिने मला जुन्या इंजिन ऑईलमध्ये सोडले. चर्र झाले, धूर उठला आणि मी पुन्हा काळा झालो.

नवा पत्रा बसला. सिमरेत मला हातात घेऊन थांबली.

"आई, कुठल्या छिद्रात?"

"पुढच्या. तुझे पाय आखूड आहेत."

संध्याकाळी कॉफी झाली. मी वाट पाहिली. सिमरेत वाट पाहत होती. लेतेब्रहान दार धरून उभी होती. सीट करकरली नाही.

तेव्हा लेतेब्रहान मोठ्याने रडू लागली. गेलेल्या माणसासाठी रडतात तशी, त्याचे नाव घेऊन. पांढऱ्या ओढण्या घेतलेल्या शेजारणी धावत आल्या. कुणी विचारले, "कोण गेलं?" कुणीतरी म्हणाले, "झेरसेनाय." आणि कुणालाही नवल वाटले नाही. अंगणात चटया अंथरल्या गेल्या, भाकरी आल्या, आणि बायका तिच्याभोवती बसून राहिल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाची तरी वस्तू झाकून ठेवलेली असेल. ती एकदा उघडा. गंज काढा, तेल द्या, वापरा. पण ते झाकण ज्याने घातले, त्याला आधी विचारा. आणि उघडताना त्याला एकटे सोडू नका.